सोडून दिलेल्या पायऱ्या

माझी मोठी मावशी "मला धाप लागते" असं कधी म्हणाली नाही. तिने फक्त एकेक गोष्ट सोडली. आधी मळ्यातल्या विहिरीवर जाणं सोडलं. मग माळ्यावर चढून कांदे काढणं थोरल्या सुनेकडे गेलं. दर चैत्रात डोंगरावरच्या देवीला जाणारी मावशी एका वर्षी पायथ्याशीच थांबली आणि म्हणाली, "मी खालूनच हात जोडते गं, तुम्ही जाऊन या." भाकरी थापताना ती दोन भाकऱ्यांच्या मध्ये परातीवर हात टेकून थांबायची. कुणी पाहिलं तर पीठ सारखं करत असल्यासारखं करायची. हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: वय झालं आता. मावशीचं वय तेव्हा ५८ होतं.

पुढे सहा वर्षांनी तिची पुण्यात नीट तपासणी झाली. तिच्या वयाच्या बाईने जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकायला हवी, त्याच्या निम्मीही ती टाकू शकत नव्हती. विडी-सिगारेटला तिने जन्मात हात लावलेला नव्हता.

दम्याचा अचानक झटका आला की घर जागं होतं. रिक्षा येते, शेजारी धावतात. महिनोन्महिने मुरलेली धाप मात्र अंगवळणी पडते, आधी त्या माणसाच्या आणि मग घराच्या. डॉक्टर साधारण आठ आठवड्यांहून जास्त टिकलेल्या धापेला जुनाट म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात सामान्य प्रौढ माणसांना घरी जाऊन विचारलं तेव्हा सुमारे ९ टक्के लोकांनी रोजच्या हालचालीला आड येणारी जुनी धाप असल्याचं सांगितलं. दवाखान्याच्या रांगेतले रुग्ण नव्हेत हे, आपापल्या घरात राहणारी साधी माणसं. आपल्याकडे अशी दारोदार विचारणा झाली तर आकडा कमी येईल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. धूर, धूळ, क्षयाचे जुने व्रण आणि अंगात रक्त कमी, असं सगळंच आपल्याकडे भरपूर आहे.

मराठीत या त्रासाला शब्दांची वाण नाही. धाप लागते, दम भरतो, छाती भरून येते, श्वास कोंडतो, जीव घाबरा होतो. प्रत्येक शब्द थोडं वेगळं सांगतो, आणि चांगला डॉक्टर तो फरक कान देऊन ऐकतो. चढताना दम भरणं वेगळं, रात्री आडवं झाल्यावर घुसमटणं वेगळं, बसल्याबसल्या मोठा श्वास घेतल्याशिवाय बरं न वाटणं आणखी वेगळं. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. तमकश्वासाच्या वर्णनात रुग्णाला आडवं झालं की त्रास वाढतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे धाप ही एकच एक गोष्ट नव्हे, एवढी समज आपल्याकडे फार जुनी आहे. ती बोलण्यातून हरवली. आता प्रत्येक धापेला दमा म्हणतात. आणि दमा हा शब्द घरात नको असतो, विशेषतः लग्नाची मुलगी असली की. मग डॉक्टरही "ॲलर्जी आहे", "थोडा इस्नोफिलिया आहे" असं मऊ बोलून वेळ मारून नेतात. नाव मऊ झालं की उपचारही अर्धवट राहतात.

धाप मोजायची एक साधी पट्टी आहे. ती जन्मली वेल्समध्ये, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांच्या अभ्यासातून. एक्स-रेवरची सावली आणि माणसाची धाप यांचा मेळ नेहमी बसत नसे. मोठी सावली असलेला कामगार चढ चढून जाई, लहान सावलीवाला अर्ध्यातच बसे. चार्ल्स फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग माणसालाच प्रश्न विचारायचं ठरवलं. १९५२ मध्ये छापलेली ती प्रश्नावली थोड्या बदलांनी आज जगभर वापरतात. शून्यापासून चारपर्यंत पाच पायऱ्या. फक्त फार दमवणाऱ्या कामानेच धाप लागत असेल तर शून्य. घाईने चालताना किंवा हलका चढ चढताना लागली तर एक. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडत असाल, किंवा आपल्या चालीने चालतानाही थांबावं लागत असेल तर दोन. शंभरेक मीटर चालून थांबावं लागलं तर तीन. घराबाहेर पडवत नसेल, कपडे बदलतानाही धाप लागत असेल तर चार. वाचता वाचता आपल्या घरातल्या एखाद्याचा आकडा तुमच्या मनात आलाच असेल.

या पट्टीत एक खाच आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. माणूस धाप लागणाऱ्या गोष्टी करायच्याच थांबवतो. विहिरीवर गेलंच नाही तर धाप लागेल कशी? मावशीला सहा वर्षं "दम लागतो का?" विचारलं असतं तर ती प्रामाणिकपणे "नाही बाई, काही नाही" म्हणाली असती. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ रोज स्टेशनच्या पुलावर मधल्या टप्प्याला थांबून खिशातून मोबाइल काढायचे. आम्हाला वाटायचं, कामाचा माणूस, फोन येत असतील. पुढे त्यांनीच सांगितलं की फोन कधीच आलेला नसायचा. मागच्या लोकांसमोर थांबायला निमित्त हवं असायचं. २०१७ मध्ये मिरियम जॉन्सन आणि इतर तज्ज्ञांनी मूळ आजाराचे पूर्ण उपचार होऊनही उरलेल्या आणि माणसाला पांगळं करणाऱ्या धापेला स्वतंत्र नाव द्यावं असं मांडलं, ते यासाठीच. नाव नसलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही. धाप लागते का, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न यायला हवा: पूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय आहे?

आता कारणांकडे वळू. जुनाट धापेची बहुतेक कारणं छातीतच सापडतात: फुफ्फुसात किंवा हृदयात. बाकीची रक्तात, वजनात, स्नायूंच्या दुबळेपणात आणि मनाच्या भीतीत. पुष्कळदा दोन-तीन कारणं हातात हात घालून येतात, आणि एक सापडलं की डॉक्टर दुसरं शोधायचं थांबतात. हे फार घडतं.

आपल्या देशात सगळ्यांत मोठा वाटा फुफ्फुसांचा. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे ५ कोटी ५० लाख लोकांना सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसणारा आजार होता आणि ३ कोटी ८० लाखांना दमा. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा तेव्हा १८ टक्के होता, पण श्वसनाच्या जुनाट आजारांनी जगभर होणाऱ्या हानीत ३२ टक्के. सीओपीडी हे देशातल्या मृत्यूंचं दुसऱ्या क्रमांकाचं कारण होतं. या आजाराची सर्वसामान्य प्रतिमा म्हणजे विड्या ओढून खोकणारा म्हातारा. ती प्रतिमाच मावशीसारख्यांना मारक ठरली. त्याच अंदाजात सीओपीडीच्या हानीपैकी सुमारे ५४ टक्के हवेच्या प्रदूषणाकडे जाते, त्यात घरातला धूरही आला, आणि तंबाखूकडे साधारण २५ टक्के. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच ठामपणे मांडलं होतं: जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही.

मग त्यांनी काय ओढलं? चूल ओढली.

हे मावशीच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलेलं आहे. खिडकी नाही, कौलांमध्ये एक फट. पावसाळ्यात ओली लाकडं, उन्हाळ्यात पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या, आणि बारा महिने गोवऱ्या. तुराटी भसकन पेटते आणि विझते, गोवरी पेटायलाच वेळ लावते. पेट घेत नसलं की फुंकणी तोंडाला लावून फुंकायचं. फुंकून झालं की माणूस खोल श्वास आत घेतो, नेमका त्या क्षणी चेहरा धुरात असतो. कडेवर मूल असलं तर तेही. दिवसाकाठी दोन-तीन तास, लग्न झाल्यापासून चाळीस वर्षं. पुरुष ओट्यावर असतात, मोकळ्या हवेत. अमेरिकेचे कर्क स्मिथ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर धूर मोजायची यंत्रं बांधून फिरले, तेव्हा कुठे हा धूर जगाच्या नोंदीत आला. तोपर्यंत प्रदूषण म्हणजे गिरणीची चिमणी आणि गाडीचं धुराडं.

१ मे २०१६ रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस कोट्यवधी घरांत पोचला. मी याला या क्षेत्रातलं मोठं पाऊल मानते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सुमारे ५९ टक्के घरं स्वच्छ इंधन वापरताना दिसतात, महाराष्ट्रात सुमारे ८० टक्के. पण गॅस असणं आणि चूल विझणं यांत अंतर आहे. आमच्या गावी चहा गॅसवर होतो, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी लाकडाच्या बंबावर. सिलिंडर महाग झाला की गॅसची शेगडी पुसून ठेवली जाते. शहरातल्यांनीही निर्धास्त राहू नये. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या एका डासांच्या कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, हे २००३ मध्ये मोजलं गेलं आहे. मुलांच्या उशाशी ती लावून दार बंद करणारी घरं मी मोजली तर माझ्याच नात्यातली डझनभर निघतील.

धुराइतकीच जुनी गोष्ट धुळीची. मुंबईच्या गिरण्यांत कार्डिंग आणि ब्लो रूममध्ये काम करणाऱ्यांच्या छातीत कापसाची धूळ बसायची. त्यातून होणाऱ्या आजाराची खूण अशी की सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची आणि पुढच्या दिवसांत त्रास उतरायचा. वर्षं गेली की तो उतरेनासा व्हायचा. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी या कामगारांची फुफ्फुसं तपासून हा आजार नोंदवला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, कामगार गावी गेले, धूळ त्यांच्याबरोबर गेली. आज तीच धूळ इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या लहान लहान शेडांत उडते. कायद्याच्या यादीत हा व्यवसायजन्य आजार आहे, पण हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराने भरपाई मागायची कुणाकडे? दगडखाणी आणि क्रशरवरच्या गारगोटीच्या धुळीचं तर आणखी वाईट. तिने होणारा सिलिकोसिस काम सोडल्यावरही वाढत जातो आणि त्याला औषध नाही. ज्याच्यावर औषध नाही, त्याच्या बाबतीत पाण्याचा फवारा आणि चांगला मास्क हाच सगळा उपचार. आणि तो मालकाने करायचा असतो.

फुफ्फुस आतून जाड होत जाण्याचे आजार हा वेगळा गट. खोकला कोरडा, धाप हळूहळू वाढणारी, श्वासातून औषध घ्यायच्या पंपाने काही फरक नाही. देशातल्या २७ केंद्रांनी मिळून अशा हजाराहून अधिक रुग्णांची नोंद केली तेव्हा जवळपास निम्म्यांना एका प्रकारच्या अतिसंवेदनशीलतेमुळे हा त्रास असल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. ओल्या जाळीतली बुरशी आणि पक्ष्यांची पिसं-विष्ठा ही या आजाराची ओळखीची कारणं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा वाद पेटला, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात श्रद्धेबद्दल पुष्कळ बोललं गेलं. छातीच्या डॉक्टरांचं म्हणणं मात्र साधं होतं: खिडकीशी कबुतरं असणाऱ्याला कोरडा खोकला आणि वाढती धाप असेल तर ती पहिली गोष्ट डॉक्टरला सांगा. कोविडने आणि क्षयाने मागे ठेवलेले व्रण हेही धापेचं कारण. क्षयाचा कोर्स पूर्ण झाला, थुंकीत जंतू नाहीत, म्हणून फाइल बंद होते. माणसाची धाप तशीच राहते.

पुलावर मोबाइल काढणारे ते गृहस्थ फुफ्फुसांचे रुग्ण नव्हते. वर्षभर त्यांनी खोकल्याची औषधं घेतली. मग त्यांच्या बायकोने एका डॉक्टरला सहज सांगितलं की हे आता दोन उशांऐवजी तीन उशा घेतात आणि रात्री दोनला उठून खिडकीशी बसतात. त्या एका वाक्याने निदान झालं. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे येतं, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, फुफ्फुसात पाणी साचतं आणि माणूस दचकून उठतो. संध्याकाळी घोट्याशी सूज, मोज्याचा वळ उमटणं, ही त्याचीच भावंडं. हृदय अशक्त होणं हा सत्तरी-ऐंशीतला आजार, ही समजूत युरोपातून आलेली आहे. तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांनी २०१३ मध्ये असे १,२०० रुग्ण नोंदवले, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. चाळिशी-पन्नाशीत जिन्यावर नव्याने धाप लागायला लागली, विशेषतः मधुमेह असताना, तर छातीत न दुखताही ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

रक्ताबद्दल थोडक्यात, कारण उपाय स्वस्त आहे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के रक्तक्षयी आहेत. रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी असेल तर फुफ्फुस आणि हृदय ठणठणीत असूनही जिना अवघड जातो. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तरी बायकांची धाप "टेन्शन घेते" या दोन शब्दांत निकालात निघते. भीतीने धाप लागते, हे खरं आहे. आणि धापेने भीती वाटते, हे त्याहून खरं आहे. पण मन हे शेवटचं निदान असावं, बाकी सगळं तपासून झाल्यावरचं.

वजन वाढलं की पोट छातीखालच्या पडद्याला वर रेटतं, श्वासाला जागा कमी उरते. आणि हालचाल सोडली की पायांचे स्नायू सुकतात, सुकलेल्या स्नायूंना थोड्या कामालाही जास्त हवा लागते. त्यामुळे धाप लागते म्हणून बसून राहणाऱ्याची धाप आणखी वाढते. हा फेरा ओळखायला हवा, कारण तो तोडता येतो.

तपासणीचं म्हणाल तर आपल्याकडे माणूस धापेची तक्रार घेऊन गेला की छातीचा एक्स-रे निघतो. तो "नॉर्मल" आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. दम्यात आणि सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मलच असतो. कोविडपासून घरोघरी आलेलं बोटाचं यंत्र ९७ दाखवतं म्हणजे काही झालेलं नाही, हाही तसाच गैरसमज. बसलेल्या माणसाचा प्राणवायू शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. खरी तपासणी फुंकून करायची असते. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने पाण्यात उलटं भांडं ठेवून श्वास मोजायचं यंत्र बनवलं आणि १८४६ मध्ये दोन हजारांहून जास्त माणसांच्या नोंदींसह ते जगापुढे ठेवलं. रक्तदाबाचं यंत्र त्याच्या नंतर आलं आणि गल्लीबोळातल्या दवाखान्यात पोचलं. श्वासाचं यंत्र अजून बहुतेक करून मोठ्या रुग्णालयांत अडकून आहे. तालुक्याच्या रुग्णालयात साखर आणि रक्तदाब मोजतात तसा श्वास मोजला जात नाही, तोवर आपण या आजाराबद्दल गंभीर आहोत असं मी मानणार नाही.

मावशीची तपासणी मी शेजारी उभी राहून पाहिली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. समोरची मुलगी म्हणाली, "मावशी, छाती भरून श्वास घ्या. आता फुंका! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" पडद्यावर एक रेघ वर जाऊ लागली आणि मध्येच बसली. तीन वेळा तसंच. मावशीचे डोळे पाण्याने भरले, श्रमाने. नळी काढून ती म्हणाली, "आयुष्यभर चूलच फुंकली की गं." त्या बसलेल्या रेघेचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला तो असा: जुनी हवा बाहेर पडत नाही, म्हणून नव्या हवेला जागाच नाही. रुग्णाला वाटतं श्वास आत जात नाही. अडचण बाहेर टाकण्यात असते.

त्याआधी गावाकडच्या एका डॉक्टरने तिला त्रास वाढला की इंजेक्शन आणि पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी बरं वाटायचं, कारण त्यात स्टेरॉइड होतं. तिची हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली. पंप कुणी दिला नाही आणि दिला असता तर घरच्यांनी घेऊ दिला नसता. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय", हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात ऐकू येतं आणि ते साफ चुकीचं आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. तेच औषध पंपाच्या दोन फवाऱ्यांत ०.२ मिलिग्रॅम असतं, वीस पटींनी कमी, आणि ते थेट जिथे हवं तिथे पोचतं. गोळी सगळ्या अंगाला भिजवते. देशात नऊ ठिकाणी झालेल्या एका मोठ्या पाहणीत छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा असू शकतो हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि रोज श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड घेणारे शंभरात तीनही नव्हते. जगात दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. दमा हा औषधाने आटोक्यात राहणारा आजार आहे. त्याने मरावं लागत नाही.

कोजागरीच्या चांदण्यात खिरीतून दिलं जाणारं दम्याचं औषध, मृगाला हैदराबादला जाऊन गिळायचा मासा, या वाटांनी आमच्या घरातलेही गेले आहेत. जाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. रात्ररात्र बसून काढलेला माणूस कुठेही जातो. एवढंच सांगते की त्यासाठी पंप बंद करू नका, आणि ज्या पुडीने दोन दिवसांत जादू होते ती आधी डॉक्टरला दाखवा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

औषधाइतकाच मोठा उपाय आपल्याकडे जवळपास कुणाला लिहून दिला जात नाही, तो म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम. सीओपीडीच्या रुग्णांवर झालेल्या ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे शिस्तीत चालणं आणि पायांचे व्यायाम केल्याने धाप कमी होते, चालण्याचं अंतर वाढतं, हे त्यात इतकं स्वच्छ दिसलं की पुन्हा तेच तपासायची गरज नाही असं मत तज्ज्ञांनी दिलं. फुफ्फुस बदलत नाही. पाय सुधारतात, भीती जाते. केंब्रिजच्या सारा बूथ आणि त्यांच्या गटाने धापेचे तीन फेरे मांडले आहेत, श्वासाचा, विचाराचा आणि हालचालीचा, आणि म्हटलं आहे की कुठलाही एक सैल केला की बाकीचे सैल पडतात. त्यांनीच ५० रुग्णांवर एक साधी गोष्ट तपासली: हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यावर धरायचा. धाप उतरली. गालावर गार वारा लागला की मेंदूला श्वास मिळाल्याची खूण पटते. आपल्या आज्या धाप लागलेल्याला पुढे वाकवून बसवायच्या आणि तोंडावर वारा घालायच्या, ते उगीच नव्हतं. ओठांचा चंबू करून शिट्टी घातल्यासारखा सावकाश श्वास सोडणं, हेही कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येतं.

कॅनडात नुकताच एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. ३८ हजारांवर लोकांना फोन करून विचारलं, आणि ज्यांना श्वासाच्या तक्रारी होत्या पण आजाराचं निदान नव्हतं, त्यांना फुंकायला बोलावलं. जवळपास ६०० जणांना दमा किंवा सीओपीडी निघाला. त्यांतल्या ज्यांना छातीच्या तज्ज्ञाकडे सोपवलं त्यांना पुढच्या वर्षात श्वासासाठी दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं आणि जगणं सोपं झालं. आपल्याकडे आशाताई दारोदार जातात, त्यांच्या वहीत रक्तदाब, साखर आहे. सीओपीडी आणि दमा हे आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कागदावर आलेले आहेत. त्या वहीत "काय करायचं सोडलं?" हा एक प्रश्न आणि तालुक्याला एक फुंकायचं यंत्र, एवढं तरी सरकारने करावं.

धाप अचानक वाढली, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले, एक वाक्य एका दमात बोलवेना किंवा एकच पाय सुजला आणि दम लागला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बाकी वेळी घाई नाही, पण टाळाटाळही नको.

मावशी आता ६९ वर्षांची आहे. रोज दोनदा पंप घेते, शाळेच्या मैदानाला सकाळी चार फेऱ्या मारते, थांबत थांबत. स्वयंपाक पूर्ण गॅसवर आणला आहे, बंबही काढला. गेल्या चैत्रात ती डोंगराच्या अर्ध्या पायऱ्या चढली आणि तिथल्या पारावर बसून आमची वाट पाहत राहिली.

तुम्ही पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आईला, आत्याला, काकांना तब्येत कशी आहे असं विचारू नका. "बरी आहे" हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "पूर्वी करायचीस आणि आता सोडलंस असं काय आहे?" उत्तरात जिना, विहीर, माळा किंवा देवीचा डोंगर आला, तर त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन फुंकायची तपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्या, आणि डॉक्टरांना हृदयाची इकोही लागेल का, हे स्वतःहून विचारा.